सोळा ठोकळे, तीन मिनिटं आणि माझी ओळीत वाचायची खोड

पहिल्या डावात मला 4 गुण मिळाले. माझ्या बारा वर्षांच्या भाचीला 17.

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते. इंग्रजी प्रुफंही अधूनमधून हातून जातात. त्यामुळे अक्षरांच्या ठोकळ्यांचा हा खेळ घरात आला तेव्हा 'पोरीला एखादा डाव जिंकू द्यावा' असा मोठेपणाचा विचार करूनच मी बसले होते. तीन मिनिटांनी तो मोठेपणा कुठल्या कुठे गेला. आता संच येऊन दोन वर्षं झाली, दीडदोनशे डाव सहज झाले असतील, ठोकळ्यांचे कोपरे बोटांनी गुळगुळीत झालेत. एवढा वापर झाल्यावर त्याच्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नाही.

आधी वस्तू. खोक्यातून सोळा ठोकळे निघतात, प्रत्येकाच्या सहाही बाजूंवर एकेक इंग्रजी अक्षर. ते बसवायला चार बाय चार खाचांचा प्लास्टिकचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. कागद-पेन्सिल आपापली. या सगळ्या खेळांचा मूळपुरुष म्हणजे बॉगल. तो ॲलन टुरॉफ यांनी रचला आणि पार्कर ब्रदर्सने 1972 साली बाजारात आणला. पुढे त्याचा पाच बाय पाचचा थोरला अवतारही निघाला, त्यात शब्द किमान चार अक्षरांचा लागतो. आमचा संच त्याच कुळातला, कुणा दुसऱ्याने काढलेला, साधा सोळाचा आहे.

खेळायचं असं. झाकण लावून ट्रे जोरात खडखडवायचा. दुपारी कुणी झोपलं असेल तर हा खेळ काढू नये, एवढा आवाज होतो. मग ट्रे हळूहळू हलवत ठोकळे खाचांत बसवायचे, झाकण उचलायचं, घड्याळ उलटं करायचं आणि प्रत्येकाने आपल्या कागदाला हाताचा आडोसा करून शब्द लिहायला लागायचं. शब्द धरायचा तो एका ठोकळ्यावरून शेजारच्या ठोकळ्यावर सरकत. शेजारचा म्हणजे आडवा, उभा किंवा तिरका, नुसता कोपऱ्याला कोपरा लागला तरी चालतो. मधला ठोकळा ओलांडून उडी मारायची नाही आणि एका शब्दात एक ठोकळा एकदाच वापरायचा. किमान तीन अक्षरं हवीत. विशेषनामं नकोत, लघुरूपं नकोत. एकवचन आणि अनेकवचन दोन वेगळे शब्द धरतात, म्हणून दोन्ही लिहून टाकायचे. 'क्यू' एकटा येत नाही, त्याच बाजूवर त्याला 'यू' चिकटवलेला असतो आणि मोजताना ती दोन अक्षरं होतात. वाळू संपली की पेन्सिल खाली.

इथपर्यंत हा खेळ कुणालाही शाळेतल्या शब्दकोड्यासारखा वाटेल. खरी मेख पुढे आहे. वेळ संपल्यावर प्रत्येकाने आपली यादी मोठ्याने वाचायची, आणि जो शब्द दोघांच्या यादीत निघेल तो दोघांचाही खोडायचा. तिघांकडे असला तर तिघांचा. उरतील त्यांनाच गुण: तीन आणि चार अक्षरांना 1, पाचला 2, सहाला 3, सातला 5, आणि आठ किंवा त्याहून जास्त अक्षरं असली तर एकदम 11. पाचावरून अकरावर ही जी उडी आहे तिने आमच्या घरात बरेच रुसवेफुगवे घडवलेत, त्याचं पुढे सांगते.

तर त्या पहिल्या डावात माझ्या कागदावर 15 शब्द होते. मला वाटलं, झकास. वाचायला लागले तर 'कॅट' म्हटलं की नवरा म्हणतो, "आहे." 'टेन' म्हटलं की भाची म्हणते, "माझ्याकडे पण." एकामागून एक 11 शब्दांवर काट. सव्वीस वर्षं मी लोकांच्या मजकुरावर काट मारत आले, माझ्या अक्षरावर एवढी काट पहिल्यांदाच पडली. भाचीचेही खोडले गेले, पण तिच्याकडे मुळातच असे शब्द होते जे आम्हा दोघांना दिसलेच नव्हते. कठीण वगैरे नव्हते हो. 'मोट', 'रोट', 'टोर', असलेच. ट्रेच्या एका कोपऱ्यातून उलटे, वळसा घेऊन निघालेले.

मी तिला विचारलं, तुला हे दिसतं कसं? ती म्हणाली, "मावशी, तू ओळी वाचतेस. मी नुसती बघते."

हे माझ्या डोक्यातून दोन दिवस गेलं नाही, कारण ते अगदी खरं होतं. धंद्याने माझ्या डोळ्यांना डावीकडून उजवीकडे जायची शिस्त लावली आहे. ट्रेसमोर बसले की पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, मग फार तर वरून खाली. तिरकं आणि उलटं माझ्या गावीच नव्हतं. ज्यांना वाटतं की हा खेळ शब्दसंग्रहाचा आहे, त्यांनी आधी एखाद्या मुलाबरोबर खेळून बघावं. शब्द लागतातच, पण आपल्याला येणाऱ्या शब्दांपैकी दहावा हिस्साही तीन मिनिटांत समोर दिसत नाही. ज्याला दिसतो तो जिंकतो.

मग मी शिकायला बसले. एकटी, रात्री, सगळे झोपल्यावर, ठोकळे हाताने मांडून, म्हणजे खडखडाट नको. (एकट्याने खेळायलाही हा खेळ छान आहे. आपलेच शब्द खोडायला कुणी नसतं, हा त्यातला मोठा आराम.) आणि काही गोष्टी हाती लागल्या, त्या सांगते, कारण खोक्यातल्या नियमांच्या कागदावर यातलं काही लिहिलेलं नाही.

पहिली म्हणजे चौकडी. कुठलेही दोन बाय दोनचे चार ठोकळे घ्या, ते चारही एकमेकांचे शेजारी असतात. म्हणजे त्या चार अक्षरांचा कुठल्याही क्रमाने होणारा शब्द चालतो, मार्ग शोधायची गरजच नाही. समजा एका चौकडीत एस, टी, ए, आर आले. 'स्टार' दिसतोच. पण 'रॅट्स', 'आर्ट्स', 'टार्स', 'त्सार' हे सगळे त्याच चौघांतून निघतात, शिवाय 'रॅट', 'आर्ट', 'टार', 'सॅट' हे तीन अक्षरी वेगळे. एवढ्याशा जागेत नऊ शब्द झाले. सोळा ठोकळ्यांत अशा नऊ चौकड्या असतात. मी आता ओळी सोडून चौकड्या बघते, डोळा एकेका चौकडीवर टेकवत नेते. माझे गुण वाढायला सुरुवात झाली ती इथून.

दुसरी गोष्ट जागेची. कोपऱ्यातल्या ठोकळ्याला तीनच शेजारी, कडेच्याला पाच, आणि मधल्या चौघांना आठ-आठ. 'एस' कोपऱ्यात जाऊन बसला की त्या डावात अनेकवचनांचं पीक येत नाही. 'ई' मधे आला तर सोनं. झाकण उचलल्यावर पहिले पाच सेकंद मी फक्त हेच बघते: मधल्या चार घरांत कोण आहे. तिथे चार व्यंजनं बसली असली तर लांब शब्दांचा नाद सोडून द्यायचा आणि छोटे गोळा करायचे.

तिसरी, शेपटांची. 'ई-आर', 'ई-डी', 'आय-एन-जी' अशी शेपटं शेजारी-शेजारी दिसली की शब्द मागून जोडत यायचं. आणि शब्द सापडला की लगेच तो उलटा वाचून बघायचा, कारण गेला त्याच वाटेने परत येता येतं. 'टेन' लिहिला की 'नेट' फुकट. 'पार्ट' लिहिला की 'ट्रॅप'. प्रुफं तपासणाऱ्या काही जणांना मजकूर शेवटापासून मागे वाचायची सवय असते, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही. मी ती कधी लावून घेतली नव्हती. आता लागली, आणि कामातही उपयोगी पडतेय.

पण सगळ्यात मोठी गोष्ट मला फार उशिरा, भाचीच्या बसण्यावरून कळली. ती कधीच ट्रेच्या समोर बसत नाही. ती कोपऱ्याकडे बसते, म्हणजे तिला ट्रे पतंगासारखा दिसतो. मला वाटायचं, पोरीला नीट बसायची सवय नाही. एकदा ती पाणी प्यायला उठली तेव्हा सहज मी तिच्या जागेवर टेकले आणि बघतच राहिले. कोपऱ्यातून बघितलं की तिरक्या ओळी सरळ होतात! मला ज्या ओळी दिसतच नव्हत्या त्या तिच्यासमोर पाटीवर लिहिल्यासारख्या सरळ होत्या, आणि माझ्या सरळ ओळी तिला तिरक्या. आमच्यात तेव्हापासून जागेवरून भांडण आहे. तोड म्हणून नवऱ्याने नियम केला की दर डावाला सगळ्यांनी एक जागा पुढे सरकायचं.

किती जणांनी खेळावं? दोघांत खोडाखोडी कमी होते, त्यामुळे तो नुसता वेगाचा खेळ होतो. सहा जण बसले तर जवळपास सगळंच खोडलं जातं आणि दोन-तीन गुणांवर डाव जिंकला जातो. आमचं मत, चार. भाचीचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी घरगुती सवलत अशी की त्याचा शब्द कुणाशी जुळला तर आमचा जातो, त्याचा राहतो. त्याने पहिल्यांदा 'डॉग' वाचला आणि तीन मोठी माणसं मुकाट्याने आपापल्या कागदावर काट मारत होती, तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला हवा होता.

आता तक्रारी. संच कुणी केला ते सोडा, पण ज्यांनी केला त्यांनी स्वतः तो आठवडाभर खेळून बघितला नसावा. झाकण ट्रेवर घट्ट बसत नाही, त्यामुळे खडखडवताना दोन्ही अंगठे दाबून धरावे लागतात, नाहीतर ठोकळा उडून सोफ्याखाली. दर दोन डावांत एखादा ठोकळा तिरका अडकतो आणि बोटाने बसवावा लागतो. मग 'तू मुद्दाम ई वर आणलास' हे आलंच. ठोकळे कसेही फिरून बसतात, म्हणून 'एम' आणि 'डब्ल्यू' ओळखायला अक्षराखाली रेघ असते, 'झेड' आणि 'एन'चंही तेच. कल्पना बरोबर आहे, पण आमच्या संचातली ती रेघ इतकी पुसट छापलेली होती की तीन महिन्यांत गेली. मग आला डब्ल्यू की एम यावर वाद. शेवटी मी माझं कामाचं लाल पेन घेऊन सगळ्या रेघा पुन्हा ओढल्या. ज्या ठोकळ्यांवर लाल रेघ दिसते ते माझ्या हाताखालून गेलेले.

आणि वाळूचं घड्याळ. मला संशय होताच. एकदा मोबाइलवर मोजलं: एका बाजूने 2 मिनिटं 51 सेकंद, उलटं केलं की 3 मिनिटं 8 सेकंद. नवरा म्हणाला, सरासरी बरोबर आहे. तो हिशेबाच्या कामातला माणूस आहे, त्याला सरासरीचं समाधान होतं. मोबाइलवर वेळ लावून आम्ही दोन-चार डाव खेळून बघितले, पण मजा आली नाही. वाळू डोळ्याच्या कोपऱ्यातून संपताना दिसते, शेवटच्या चिमटीला हात थरथरायला लागतो, ते मोबाइलच्या पिपाणीत नाही. तेव्हा घड्याळ तेच ठेवलं, सतरा सेकंदांच्या फरकासकट.

अक्षरांची निवड मात्र ज्याने केली त्याला दाद देते. एका रविवारी मी सोळाही ठोकळ्यांच्या सगळ्या बाजू कागदावर उतरवून काढल्या. एकूण 96 बाजू. त्यात 'ई' 11 वेळा, 'टी' 9 वेळा, आणि 'जे', 'के', 'एक्स', 'झेड' एकेकदाच. 'एफ' दोनदा आहे, पण दोन्ही एकाच ठोकळ्यावर, आणि गंमत म्हणजे एकुलता एक 'के'ही त्याच ठोकळ्यावर! म्हणजे आमच्या ट्रेवर 'एफ' आणि 'के' एकाच डावात वर येऊच शकत नाहीत. 'फोर्क' किंवा 'फ्लास्क' हे शब्द हा संच झिजून जाईपर्यंत निघायचे नाहीत. हे कळल्यावर मी भाचीला काही सांगितलं नाही. ती चार महिने अधूनमधून 'फोर्क' शोधत होती म्हणे, तिला शब्दाचा आकार आवडतो.

सासूबाई या सगळ्यात सुरुवातीला नव्हत्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण 'शब्द म्हणून दिसत नाही' असं त्या म्हणतात, आणि ते मला समजू शकतं. त्या बाजूला बसून घड्याळ उलटं करायचं काम करायच्या. एकदा सहज म्हणाल्या, "मराठीत नाही का गं मिळत हे?" मी शोधलं नाही. मला स्वतःलाच करून बघायची खुमखुमी आली.

लाकडाचे कोरे ठोकळे आणले, सोळा. अक्षरं किती कितीदा घ्यायची हे ठरवायला तपासून झालेल्या जुन्या प्रुफांची पानं काढली आणि अक्षरांना खुणा करत बसले. माझ्या पानांवर तरी र सगळ्यांच्या पुढे होता. तेव्हा र घेतला 8 बाजूंवर. क, त, न, ल, म, स, व सहा-सहा. उरलेल्या 46 बाजूंत बाकीची वर्णमाला. ङ आणि ञ यांना हात जोडून बाहेर ठेवलं. स्वरांसाठी फक्त 'अ' लिहिला, तो लागेल तो स्वर मानायचा.

मग अक्षरं काढायला बसले आणि पहिला सुखद धक्का बसला: देवनागरीला खालच्या रेघेची गरजच नाही. ठोकळा कसाही पडो, शिरोरेषा सांगते वर कुठे. पाठोपाठ दुसरा धक्का, तो सुखद नव्हता. मार्करची शाई लाकडाच्या रेषांमधून पसरली, आणि भ आणि ध यांच्या डोक्यावरची ती एवढीशी फट बुजून गेली. फट बुजली की भ चा म होतो आणि ध चा घ. आयुष्यभर मी ज्या चुकीवर लाल खूण करत आले ती माझ्या हाताने सोळा ठोकळ्यांवर छापली गेली होती. सगळे घासून काढले आणि दुसऱ्या खेपेला पांढऱ्या कागदावर अक्षरं लिहून, कापून, चिकटवली. ती अजून टिकून आहेत, दोन-चार कोपरे उचललेत तेवढे.

नियम करताना खरी परीक्षा झाली. मात्रांचं काय? मात्रांचे वेगळे ठोकळे केले तर काही जमेना, सगळ्या डावभर काना एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. शेवटी असं ठरलं की ठोकळ्यावर नुसतं व्यंजन, मात्रा, वेलांटी, अनुस्वार खेळणाऱ्याने हवा तो लावावा, आणि दोन ठोकळे जोडून जोडाक्षर केलं तरी चालेल. म्हणजे क, र, त हे तिघं एकमेकांना लागून आले तर कर्ता, कातर, रक्त, तर्क, सगळे निघतात. पहिल्या डावात प्रत्येकाच्या कागदावर पन्नासच्या वर शब्द झाले आणि वाचून होईपर्यंत अर्धा तास गेला. फार सैल झालं होतं.

मग आवळत गेलो. विभक्तीची रूपं बाद, नाहीतर घर, घरात, घराला, घराचा करत माणूस तीन मिनिटं काढतो. आणि मुख्य नियम: ठोकळ्यांचा एक माग, एकच शब्द. म्हणजे क-र-ण असा माग धरला तर करण, कारण, किरण, करुणा यांतला एकच लिहायचा, कुठला तो तुम्ही ठरवा. या एका नियमाने खेळ इंग्रजीपेक्षा कितीतरी वर गेला, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण खोडाखोडी आहेच. 'किरण' सगळे लिहिणार म्हणून मी 'कारण' लिहावं, तर नवराही तोच विचार करून 'कारण' लिहिणार. इथे नुसतं दिसून भागत नाही, समोरचा काय लिहील याचाही अंदाज लागतो. त्या डावात मी आणि नवरा 'कारण'वर आपटलो, भाची 'किरण' घेऊन निवांत बसली होती, तेवढ्यात सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं, "करुणा." दोघींना एकेक गुण. आम्हाला करुणेवाचून दुसरं काही मिळालं नाही.

सासूबाई त्यात भारी आहेत. व, ळ, च, ण अशी एक चौकडी आली होती, आम्ही सगळे ळ कडे संशयाने बघत होतो, आणि त्यांनी पहिल्या दहा सेकंदांत 'वळचण' लिहून ठेवला होता. भाचीला अर्थ माहीत नव्हता. तिला छपराची कड, खाली पडणारं पाणी, सगळं हातवारे करून समजावून सांगण्यात पुढचा डाव लांबला.

एक दुःख आहे. एका शब्दात एक ठोकळा एकदाच, या नियमाने मराठीचे सगळे नादाचे शब्द मारले जातात. सळसळ, खळखळ, तडतड, झरझर. अक्षरं समोर असतात, पण प्रत्येक दोनदा हवं. भाचीचं म्हणणं, "मावशी, तेवढ्यांना परत फिरून यायची परवानगी दे ना." मी दिली नाही. नियम म्हणजे नियम. मग एकदा खरोखरच दोन स आणि दोन र एकाच चौकडीत येऊन बसले, 'सरसर' चौघांनाही एकदमच दिसला, चौघांनीही लिहिला, आणि चौघांचाही खोडला.

आता त्या अकरा गुणांचं. दोन वर्षांत इंग्रजी ट्रेवर मला आठ अक्षरांचा शब्द एकदाच सापडला. 'स्ट्रेंजर'. कोपऱ्यातून सुरू होऊन मधून वळसा घेत आर वर संपणारा, आणि ज्या आर वर संपत होता तो शोधायलाच मला वेळ लागला. नवरा 23 वर होता, मी 14 वर, शेवटचा डाव. मी भराभर लिहीत होते, एस, टी, आर, ए, एन, जी, ई, आणि सासूबाई म्हणाल्या, "वाळू संपली."

पेन्सिल खाली. आर राहिला. नवऱ्याने माझा कागद बघितला आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला की लिहिलंय तेवढं धरू, 'स्ट्रेंज' हाही शब्दच आहे, सात अक्षरं, 5 गुण. मी म्हटलं, चला, तेही वाईट नाही. मग भाचीने आपला कागद हळूच पुढे सरकवला. तिच्या यादीत तिसऱ्या ओळीवर तोच शब्द होता.

दोघींचा खोडला. घड्याळ त्या वेळी 2 मिनिटं 51 सेकंदांच्या बाजूने उभं होतं, हे मी नंतर बघितलं. तेव्हापासून त्याच्या एका टोकाला माझ्या लाल पेनाची खूण आहे.